बिनचिठ्ठीचा समालोचक

या लिखाणात तुम्हाला एकाही माणसाचं नाव सापडणार नाही. ज्यानं उभी हयात माइकवर लोकांची नावं पुकारण्यात घालवली, त्यानं असं लिहावं म्हणजे हलवायानं साखर सोडण्यातला प्रकार आहे. माझे दोस्त हे वाचतील तर म्हणतील, याला नावं आठवत नसतील, म्हणून लिहिली नाहीत. म्हणू देत. एका नावापुरतं ते खरंही होतं, आणि त्याच एका नावाची ही हकीकत आहे.

मी पनवेलजवळच्या एका गावातला. गाव म्हणजे आता चहूबाजूंनी उंच इमारती आणि मधे आमची घरं, देऊळ आणि होळीचं मैदान. पोटासाठी तळोज्याच्या एका कारखान्यात पाळीवर जातो, तिथल्या स्टोअरमध्ये नटबोल्ट आणि हातमोजे देतो-घेतो. पण ही झाली पोटाची ओळख. माझी खरी ओळख रविवारची. दिवाळी सरली, भात कापून झाला की आमच्या पनवेल-उरण पट्ट्यात टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा सुरू होतात. गावोगावी मैदानं आखतात, एका बाजूला मंडप पडतो, मंडपाला दोन भोंगे लागतात आणि त्या भोंग्यांच्या मागे बसून जो माणूस सकाळपासून दिवस मावळेपर्यंत अखंड बोलत असतो, तो मी. समालोचक.

बाहेरच्यांना वाटतं समालोचक म्हणजे खेळाचं वर्णन करणारा. आमच्याकडे खेळाला दुसरा नंबर असतो. पहिला नंबर पाहुण्यांचा. चेंडू हवेत असताना जरी एखादी पांढरी गाडी मैदानाच्या कडेला थांबली, तरी चेंडूला हवेतच सोडून द्यायचं आणि म्हणायचं, "मैदानावर आगमन होत आहे..." आणि मग पूर्ण नाव. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव, शिवाय ते कोणत्या गावचे, कोणत्या मंडळाचे आधारस्तंभ, गेल्या वर्षी कोणती ट्रॉफी त्यांच्या सौजन्याने होती, सगळं. यात वडिलांचं नाव गाळलं तर माणूस दुखावतो, आणि आडनाव चुकलं तर पुढच्या वर्षी ट्रॉफी येत नाही. म्हणून मंडळाची पोरं समालोचकाच्या हातात चिठ्ठ्या देतात. मी त्या चिठ्ठ्या न वाचता परत करायचो. सगळ्यांसमोर, जरा हात उंच करून. दोन्ही संघांचे खेळाडू, पंच, पाहुणे, पाहुण्यांचे वडील, सगळे मला पाठ. त्यावरून माझं नाव पडलं बिनचिठ्ठीचा समालोचक, आणि ते मी स्वतःच माइकवरून वारंवार सांगत असल्यामुळे सगळीकडे पसरलं.

आता बीपीकडे येतो. कारखान्यात दरवर्षी सगळ्यांची तपासणी होते. काही वर्षांपूर्वी तिथल्या डॉक्टरांनी माझ्या दंडाला पट्टा बांधला, काट्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "एकशे साठ, शंभर."

मी म्हणालो, "वा!"

तुम्ही हसाल, पण माझा जन्म मोठ्या आकड्याला टाळ्या मिळवून देण्यात गेलेला. आठ षटकांत एकशे साठ म्हणजे आमच्याकडे ढोल वाजतात. डॉक्टरांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की ढोल तिथेच थांबले. त्यांनी रोज एक गोळी लिहून दिली, मीठ कमी करा म्हणाले, तंबाखू सोडा म्हणाले, चाला म्हणाले.

मी सगळं ऐकलं, माझ्या पद्धतीनं. मीठ कमी करा याचा अर्थ मी ताटात वरून मीठ घेऊ नका असा लावला. माझी बायको उरणकडची. मोऱ्याच्या धक्क्यावरून तिचा भाऊ सुकट, सुके बोंबील, खारवलेला बांगडा असं पोत्यानं पाठवतो. त्याच्यावर मीठ वरून घ्यावंच लागत नाही, तेव्हा पथ्य आपोआप पाळलं गेलं. चालण्याचं म्हणाल तर नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी मित्रांबरोबर कर्नाळ्याचा किल्ला चढून आलो, वर फोटो काढला, खाली उतरून हायवेवर पोटभर भजी खाल्ली आणि वर्षभराचं चालणं मिटवून टाकलं. तंबाखू तर दोन षटकांच्या मधे ओठाखाली ठेवल्याशिवाय मला पाहुणेच दिसत नसत.

राहिली गोळी. ती मी महिनाभर इमानेइतबारे घेतली. मग मेडिकलवाल्याकडच्या मशीनवर एकशे तीस, ऐंशी दिसलं आणि मी गोळी बंद केली. सामना जिंकल्यावर कोण बॅटिंग करत बसतं? पुढे कारखान्याची तपासणी जवळ आली की आठवडाभर आधी गोळी सुरू करायचो, बांगडा बंद ठेवायचो. डॉक्टर खूश, मी खूश. पास झालेल्या पोरासारखा घरी यायचो आणि संध्याकाळी बोंबील भाजायला सांगायचो.

बायको म्हणायची, "अवो, तपासनी डॉक्टरची हाय का तुमची?"

तिच्या बोलण्याकडे लक्ष देण्याची आमच्या घरात पद्धत नव्हती. ती पद्धत आता पडली आहे.

बाबांबद्दल सांगायला हवं, कारण ते नाव त्यांचंच. माझे बाबा खाडीचा बांध राखायचे. म्हणजे पगारी नव्हे. आमची शेतं खाडीला लागून, समुद्राच्या पाण्याच्या पातळीला. मधे चिखलाचा लांबच लांब बांध, त्याच्यामुळे खारं पाणी बाहेर आणि भात आत. पण त्या बांधात खेकडे बिळं करतात. बीळ बोटाएवढं असतं तोवर काही वाटत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी त्यातून शिरतं, बीळ रुंदावतं आणि बांध फुटतो. त्या भगदाडाला आमच्याकडे खांड म्हणतात. खांड पडली की त्या वर्षीचा भात तर जातोच, जमीन पुढची काही वर्षं खारट राहते. म्हणून गावातली माणसं पाळीपाळीनं बांधावरून फिरायची, बिळं शोधायची आणि चिखलाचा गोळा कोंबून पायानं दाबायची. बाबा स्वतःच्या पाळीला जायचेच, दुसऱ्याच्याही जायचे. कुणावर विश्वास नव्हता. तिथी सांगितली की भरती किती वाजता लागेल हे ते बोटांवर मोजून सांगत.

त्याच बाबांना दवाखान्यातून बीपीची गोळी मिळाली होती. ती त्यांनी डोकं दुखलं तरच घेतली. "डोका दुखत नाय तं गोली कशाला?" असा त्यांचा रोखठोक हिशेब, आणि डोकं त्यांचं फारसं दुखलंच नाही. पुढे शेतं गेली, शहर आलं, विमानतळ आला. त्याच सुमारास त्यांना भरतीची वेळ सांगता येईनाशी झाली. आम्ही म्हटलं, आता भरतीशी काम काय, विसरणारच. मग काही महिने सगळं ठीक. मग एक दिवस पनवेलच्या मासळी बाजारातून ते घरी परत येऊ शकले नाहीत. पुन्हा काही महिने ठीक, आणि मग नातवंडांची गल्लत. जिन्याच्या एकेका पायरीवर थांबत माणूस खाली उतरावा तसं चाललं होतं. तेव्हाच्या एका डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं होतं की यांच्या मेंदूत बारीक बारीक झटके येऊन गेलेत. आम्ही ते ऐकलं आणि सोडून दिलं. झटका म्हणजे तोंड वाकडं होतं, हात लुळा पडतो. बाबा तर चालत होते, दोन्ही हातांनी जेवत होते. आम्ही आमचं निदान केलं, वय झालं, आणि घरी आलो.

एकदा पौर्णिमेला ते फावडं घेऊन घरातून निघून गेले. विमानतळाच्या कुंपणाशी सापडले, भिंतीच्या बुडाशी वाकून बिळं शोधत. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. तरीही मी घरी येऊन माझी गोळी घेतली नाही, कारण त्या प्रसंगाचा माझ्या गोळीशी काही संबंध आहे हे माझ्या डोक्यात आलंच नाही. डोकं म्हणजे डोकं, बीपी म्हणजे दंडाला बांधतात ते.

मग आला आमच्याच गावच्या स्पर्धेचा अंतिम सामना. रविवारची दुपार, मैदान माणसांनी भरलेलं. मी सकाळपासून बोलत होतो. न्याहरीला खारा बांगडा, ओठाखाली तंबाखू आणि डोक्यात सगळ्या तालुक्याची नावं. डाव संपला तसा मंडळाचा अध्यक्ष माझ्या कानाशी वाकला आणि म्हणाला, "काका, आता एक सत्कार हाय. तुमाला मुद्दाम सांगितला नव्हता."

मी मान वर केली तर आई आणि बायको बाबांना दोन्ही बाजूंनी धरून मंडपात आणत होत्या. धुवट सदरा, पांढरी टोपी. गावातलं पहिलं क्रिकेट बाबांच्या भातखाचरात खेळलं गेलं होतं, म्हणून पोरांनी त्यांचा मान ठेवायचं ठरवलं होतं, आणि मला आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून गुपचूप. चिठ्ठी अर्थातच कुणी लिहिली नव्हती. बिनचिठ्ठीच्या समालोचकाला त्याच्या बापाची चिठ्ठी कोण देणार?

मी उभा राहिलो. सुरुवात झकास झाली. "ज्यांच्या खाचरात या गावानं पहिली बॅट धरली, ज्यांनी खाडीचा बांध आयुष्यभर राखला, ते या गावचे ज्येष्ठ, माझे वडील, श्री..."

आणि पुढे काहीच नाही.

मला वाटलं येईल. नाव जिभेवर असतं, घोट गिळला की येतं. घोट गिळला. नाही आलं. मग मी युक्ती केली. बाबांचं नाव माझ्या नावाच्या मधोमध आहे, तेव्हा मनातल्या मनात माझंच पूर्ण नाव म्हणू लागलो. माझं नाव आलं. आडनाव आलं. मधे नुसता वारा. पुन्हा म्हटलं, पुन्हा तेच. भोंग्यांतून माझा श्वास साऱ्या मैदानाला ऐकू जात होता. मी कसाबसा एवढंच म्हणालो, "माझे बाबा." आणि माइक खाली ठेवला.

सगळं मैदान उभं राहिलं. टाळ्या, शिट्ट्या, ढोल. लोकांना वाटलं माझा गळा दाटून आला. बायका पदरानं डोळे टिपत होत्या. अध्यक्षानं मला मिठी मारली. समोर बाबाही आनंदानं टाळ्या वाजवत होते. सत्कार कुणाचा आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि मला सांगता येत नव्हतं.

पुढचे काही दिवस मी गावचा सगळ्यात हळवा मुलगा होतो. कुणीतरी तो प्रसंग मोबाइलवर टिपला होता आणि खाली करुण बासरी लावून सगळ्यांच्या स्टेटसला ठेवला होता. कारखान्याच्या गेटवर वॉचमननं माझा हात हातात घेतला. "आजकाल अशी पोरं राहिली नाहीत," असं एक म्हातारे गृहस्थ म्हणाले. मी मान खाली घालून सगळं स्वीकारलं. त्या मान खाली घालण्याचंही कौतुक झालं.

फसली नाही ती एकटी बायको. त्याच संध्याकाळी आई-बाबांना रिक्षात बसवून आम्ही दोघं स्कूटरवरून घरी येत होतो. मागून ती म्हणाली, "तुमच्या डोल्यात पानी नव्हता."

मी काही बोललो नाही.

"नाव आठवला नाय ना?"

मी स्कूटरचा आरसा नीट करायला लागलो. मग तिनं ते नाव घेतलं. आमच्यात सून सासऱ्याचं नाव घेत नाही. आई तर नवऱ्याचं नाव उखाण्यातच घेणार, आणि आता उखाणे कोण विचारतो. मी त्यांना बाबा म्हणतो. म्हणजे ते नाव आमच्या घरात कुणीच उच्चारत नव्हतं, ते माझ्या नावाच्या मधे तेवढं उरलं होतं, आणि तिथूनही मी ते हरवलं होतं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर तिच्या तोंडून मी ते पहिल्यांदा ऐकलं, सर्व्हिस रोडवर, मागच्या डंपरच्या हॉर्नमध्ये. नाव घेतल्यावर तिनं स्वतःच्या कानाला हात लावला आणि "चुकला असंल तं माफी" असं आभाळाकडे बघून म्हणाली.

मी घाबरलो होतो. खरं सांगतो, आयुष्यात इतका कधी घाबरलो नव्हतो. रात्री डोळ्यांसमोर एकच चित्र, मी फावडं घेऊन भिंतीच्या कडेनं चाललोय आणि माझा मुलगा मागून हाका मारतोय. पण घाबरलेला माणूस शहाणपणानं वागतोच असं नाही. मी डॉक्टरकडे गेलो नाही, मी बुद्धीच्या मागे लागलो. सकाळी भिजवलेले बदाम, त्यावर अक्रोड. डोक्याला ब्राह्मीचं तेल, इतकं की कारखान्यात हेल्मेट घसरायला लागलं. वर्तमानपत्रातलं आकड्यांचं कोडं सोडवायला घेतलं आणि चुकलं की बायकोवर ओरडायला लागलो. पाढे उलटे म्हटले. पाळीला जाताना पुढच्या गाड्यांचे नंबर पाठ करायला लागलो आणि एकदा पाठ करता करता पुढच्या टेम्पोला जाऊन धडकलो. टेम्पोवाल्याला मी त्याचा नंबर न बघता सांगितला. त्याला त्याचं कौतुक वाटलं नाही.

शेवटी एके सकाळी बायकोनं माझ्या पुढ्यातले बदाम उचलले आणि म्हणाली, "उठा." मी उठलो. जुन्या पनवेलमध्ये एक डॉक्टरीणबाई आहेत, वयानं माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, बोलायला शांत. त्यांच्याकडे ती मला घेऊन गेली.

बाईंनी मला तीन शब्द सांगितले, आंबा, घड्याळ आणि होडी, आणि म्हणाल्या, थोड्या वेळानं विचारीन. मधे घड्याळाचं चित्र काढायला लावलं, वजाबाक्या करायला लावल्या. मी सगळं इतक्या जोशात केलं की बाहेर बसलेले पेशंट आत डोकावले. शेवटी मी आंबा, घड्याळ, होडी तर सांगितलंच, वर बाईंच्या भिंतीवरच्या सर्टिफिकेटावरचं पूर्ण नावही न बघता म्हणून दाखवलं.

"तुमची स्मरणशक्ती आजच्या घडीला चांगली आहे," बाई म्हणाल्या. मी बायकोकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. तोवर त्यांनी दंडाला पट्टा बांधला होता. "हे मात्र चांगलं नाही. एकशे ऐंशी, एकशे दहा. गोळी घेता?"

"घेतो."

"कधी?"

शेजारी बायको बसली होती, त्यामुळे खोटं बोलायची सोय नव्हती. "तपासणी असली की," मी म्हणालो.

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी साखर आणि कोलेस्टेरॉल तपासायला सांगितलं, मेंदूचा स्कॅन काढायला सांगितला आणि विचारलं, घरात आणखी कुणाला बीपी आहे का. मी बाबांचं सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "तुमच्या वडिलांचं हे नुसतं वय नसणार. मेंदूला रक्त केसाएवढ्या बारीक नळ्यांतून जातं. वर्षानुवर्षं दाब जास्त राहिला, साखर वाढली, तंबाखू चालू राहिली, की त्या नळ्या आतून खराब होतात. कुठे एक बंद पडते, कुठे एक फुटते. माणसाला कळतही नाही. अशा बऱ्याच झाल्या की मग कळतं."

"पण मी बदाम खातोय," मी म्हणालो. हे मी खरोखरच म्हणालो.

"खा की. पण बदामाबरोबर गोळीही घ्या."

"आणि ब्राह्मी?"

"केसांना बरी," बाई म्हणाल्या आणि पहिल्यांदाच हसल्या.

स्कॅन आला. त्यात एका जागी तांदळाच्या कणीएवढा डाग होता. बाईंनी पेनाच्या टोकानं दाखवला. हा एक छोटा झटका, तुम्हाला न कळता येऊन गेलेला. मी विचारलं, त्या रविवारचाच का? त्या म्हणाल्या, सांगता येत नाही. जुनाही असू शकेल. त्या दिवशी कदाचित नुसता दाब चढला असेल, अचानक वडिलांना समोर बघून गडबडला असाल. मी विचारलं, हा जाईल का? त्या म्हणाल्या, हा नाही जाणार. पण पुढचे पडू नयेत म्हणून आपल्याला बरंच करता येतं. हमी मी देत नाही, कुणीच देणार नाही. पण धोका कमी होतो, आणि ते करायचं वय हेच, तुमचं. वडिलांनाही आणा, जे उरलंय ते तरी सांभाळू.

घरी आलो तेव्हा आई पडवीत सुकट निवडत बसली होती. तिला मी डागाबद्दल सांगितलं. तिनं सुपावरची मान वर केली नाही. निवडता निवडताच म्हणाली, "तुज्या बाबानी बांधाचा एक बील सोरला नाय. पावसात, उन्हात, ताप आसला तरी जायाचा. नि सवताच्या डोक्यातली बिला तेला दिसली नाय." मग सुपातली सगळी सुकट परत डब्यात ओतली आणि डबा माझ्या बायकोच्या हातात दिला. "ह्याला आता ही देऊ नको."

त्या दिवशी माझ्या आयुष्यातून सुकट गेली. खोटं कशाला बोलू, पूर्ण गेली नाही. महिन्यातून एखाद्या वेळी बायको ती दोन-तीन पाण्यांतून धुऊन, उकळून, पुन्हा धुऊन करते. चव ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. मी तक्रार करत नाही. तंबाखू सोडताना मात्र घरातल्यांनी खरा तमाशा बघितला. चार वेळा सोडली, पाचव्यांदा तंबाखूनंच मला सोडलं. साखर काठावर आहे म्हणून चहा फिका झाला, आणि सकाळी मी चालायला जातो. खाडीच्या बाजूला थोडासा जुना बांध शिल्लक आहे, त्याच्यावरून. कधी कधी एखादं बीळ दिसतं. आता आत भात नाही, राखायचं काही नाही, तरी मी पायानं दाबून टाकतो.

गोळी मी बाबांबरोबर घेतो. बाईंनी त्यांनाही गोळ्या दिल्या आहेत. त्यांना त्या घ्यायच्या नसतात. ओठ मिटून बसतात, डोकं दुखत नाही म्हणून सांगतात. हे तत्त्व ते अजून विसरलेले नाहीत. आई समजावून थकली, बायको थकली. शेवटी माझा धंदा कामाला आला. मी पेला हातात धरून आवाज लावतो, "गोळी निघालेली आहे, गोळी हवेत, खाली आहेत अनुभवी खेळाडू, आणि हाऽऽ झेल!" बाबांचं तोंड उघडतं. गिळून झालं की स्वतःच टाळ्या वाजवतात. शेजारच्या बिल्डिंगमधले लोक सुरुवातीला खिडकीत यायचे, आता येत नाहीत.

पुढच्या हंगामात पहिल्याच स्पर्धेला मी मंडळाकडे चिठ्ठ्या मागितल्या. पोरांना वाटलं मी चेष्टा करतोय. मग वाटलं माझा गर्व उतरला. दोन्ही खोटं. गर्व आहे तसाच आहे, आता मी चिठ्ठ्या सगळ्यात खणखणीत आवाजात वाचतो आणि तसं माइकवरून सांगतोही. फक्त प्रत्येक स्पर्धेला सगळ्यात वरच्या कागदावर मी माझ्या हातानं बाबांचं नाव लिहून ठेवतो. ते पुकारायचं नसतं. नुसतं समोर असतं.

बाईंकडे मध्यंतरी गेलो होतो. एकशे अठ्ठावीस, अठ्ठ्याहत्तर. मी काही बोललो नाही. छोट्या आकड्याला टाळ्या वाजवायला मी अजून शिकतोय.

परवाची गोष्ट. सकाळी मी दोन गोळ्या आणि पाण्याचे दोन पेले घेऊन बाबांच्या खाटेशी बसलो. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मला आता ती नजर ओळखता येते.

"तू कोन रं?" त्यांनी विचारलं.

असं विचारलं की पूर्वी मी चिडायचो. आता माझ्याजवळ उत्तर तयार असतं, कारण मी ते रोज घोकतो. मी पाठ ताठ केली, मूठ माइकसारखी तोंडापुढे धरली आणि आमच्या पद्धतीनं, एकही भाग न गाळता, माझं पूर्ण नाव पुकारलं. माझं नाव, मधलं नाव, आडनाव, गाव.

बाबांनी ते लक्ष देऊन ऐकलं. तोंडातल्या तोंडात पुन्हा म्हणून पाहिलं. मग म्हणाले, "तुजा नाव कलला. आरनाव बी कलला. ह्यो मधला कोन?"

मी मूठ खाली केली. या वेळी माझा गळा खरोखरच दाटून आला होता, आणि बघायला कुणी नव्हतं.

"तुमी, बाबा," मी म्हणालो.

"मी?" ते हसले. पुन्हा एकदा त्यांनी ते नाव हळूच म्हणून पाहिलं. "चांगला हाय."

आणि त्यांनी तोंड उघडलं. मी त्यांच्या जिभेवर गोळी ठेवली, पेला त्यांच्या हातात दिला आणि मग माझी घेतली.